बाबांचा ओव्हन, आईची बिस्किटं

माझे वडील एकतीस वर्षं एकाच बेकरीत भट्टीवर होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत ते सातवीच्या पुढे गेले नव्हते, पण रस्त्यात कुणी "ओ मास्तर!" अशी हाक मारली की ज्या तोऱ्यात ते मान वळवत, तो तोरा आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनाही कधी साधला नाही. मळलेल्या पिठाला बोट लावून ते सांगत, "आज हवेत ओल आहे, उद्या पाणी कमी घाला." भट्टीच्या दारापाशी नुसता तळहात धरून त्यांना आच कळायची. पाव, टोस्ट, केक सगळंच ते करत, पण जीव होता तो घडीच्या बिस्किटात. लोणी लावून लाटायचं, दुमडायचं, गार करायचं आणि पुन्हा लाटायचं. असं सहा वेळा.

"हे दीड दिवसाचं काम आहे," ते म्हणायचे. "दीड दिवस ज्याला धीर निघत नाही, त्यानं मैद्याला हात लावू नये."

आमच्या घरात त्यामुळे मैद्याला कुणी हात लावतच नव्हतं. आई स्वयंपाक उत्तम करायची, पण भाजायचं म्हणून जे काही होतं ते बेकरीतून कागदात गुंडाळून यायचं. तिला कधी हौस होती का, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

मग बाबांना दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग बसल्या बसल्या. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, दोन-तीन तपासण्या केल्या आणि सांगितलं, "मास्तर, एकतीस वर्षं तुम्ही नाकानं पीठ खाल्लंय. आता बास. पीठ उडतं तिथं उभंसुद्धा राहायचं नाही."

बेकरीनं निरोप समारंभ केला. शाल दिली, भाषणं झाली, आणि सगळ्यांनी मिळून भेट काय द्यावी? विजेचा छोटा ओव्हन! ज्याला पिठाच्या वाऱ्याला उभं राहायची बंदी, त्याला ओव्हन. देणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, भट्टीवाल्याला दुसरं काय द्यायचं, एवढाच त्यांचा विचार. बाबांनी तो खोका उघडलाही नाही. हॉलमध्ये आईच्या शिलाई मशीनशेजारी तो आठ महिने पडून होता आणि त्यावर जुनी वर्तमानपत्रं साठत होती.

दर गुरुवारी बाबांना वाफ घ्यायला दवाखान्यात जावं लागे. वीस मिनिटं ते तोंडावर मास्क लावून आत बसत आणि बाहेर आई नर्सबाईंशी गप्पा मारत बसे. तिथंच तिला ती बिस्किटं मिळाली. म्हणजे करायची रीत मिळाली. नर्सबाई म्हणाल्या होत्या, "अहो, लाटायचं नाही, कापायचं नाही, साचा नको. चमच्यानं ट्रेवर टाकायची, वर फळ ठेवायचं, की झालं. मी ड्यूटीवर यायच्या आधी करते."

एका दुपारी आईनं वर्तमानपत्रं उचलून बाजूला ठेवली, खोका फोडला आणि ओव्हन स्वयंपाकघरात नेला. मी तेव्हा माहेरी आले होते. माझं सासर दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे माझं येणं-जाणं रोजचंच.

"अहो, तुम्ही जरा बाल्कनीत बसा," आई म्हणाली. "मी पीठ चाळतेय."

"कसलं पीठ?"

"मैदा."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. आईनं त्यांची खुर्ची उचलली, बाल्कनीत ठेवली, आणि मधलं दार लावून घेतलं. त्या दाराला वरच्या बाजूला काच होती. खुर्चीत बसलं की आतलं ओट्यापर्यंत सगळं दिसायचं.

मी आत होते, म्हणून मला आईचे हात दिसत होते आणि काचेतून बाबांचं तोंडही. तिनं दोन वाट्या मैदा, पाऊण वाटी पिठीसाखर, दीड चमचा बेकिंग पावडर आणि चिमटीभर मीठ एकत्र चाळलं. फ्रीजमधलं घट्ट लोणी चिरून त्यात घातलं आणि बोटांच्या टोकांनी चोळलं. मग थोडं थोडं दूध. मळलं नाही, नुसतं गोळा केलं. चमच्यानं ट्रेवर ढीग टाकले, ओल्या अंगठ्यानं प्रत्येकात खळगा केला आणि खळग्यात पीचची फोड बसवली. वरून साखर भुरभुरली. बाबा काचेआडून हातवारे करत होते. मळ, अजून मळ, असं बहुतेक. आईनं तिकडे बघितलंच नाही.

वीस मिनिटांनी घरभर वास सुटला. बिस्किटं वरून खडबडीत, कडेला तांबूस, आतून मऊ झाली होती. पीचच्या फोडीभोवती साखरेची पातळ कड धरली होती. बाबांनी एक उचललं, उलटं केलं, बूड बघितलं, मोडलं, आतून हुंगलं.

"बरं आहे," ते म्हणाले. "पण याला बिस्किट म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"गोळा."

आणि त्यांनी चार गोळे खाल्ले.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर बालवाडी होती. तिथल्या बाईंना आईनं एकदा बशीभर नेऊन दिली. दुसऱ्या आठवड्यात त्या वर आल्या. सकाळी कित्येक मुलं न खाताच येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी न्याहारीला ही बिस्किटं करून द्याल का, सामान आम्ही आणू. आई लगेच हो म्हणाली. मग समोरचा शिंपी मागायला लागला, वरच्या मजल्यावरच्या काकू पाहुणे आले की जेवणानंतर द्यायला घेऊन जायच्या. जसा मोसम तसं फळ: कधी सफरचंद, कधी पेअर. आईचा हात बसत गेला.

आणि बाबांच्या पोटात दुखायला लागलं.

तसं ते उघड बोलत नसत. पण बालवाडीतली मुलं जिन्यात आईला 'बिस्किट आजी' म्हणायला लागली. एक दिवस बाबा दूध घेऊन येत होते, तेव्हा एका मुलीनं दुसरीला सांगितलं, "हे कोण माहितीये? हे बिस्किट आजींचे आजोबा." बाबा वर आले ते पिशवी ओट्यावर आपटूनच.

एकदा ते शिंप्याकडे विजार टाकायला गेले आणि मुद्दाम विषय काढला. "काय हो, माझं घडीचं बिस्किट आठवतं का?"

"न आठवायला काय झालं, मास्तर! काय पापुद्रे सुटायचे." शिंपी मनापासून म्हणाला. आणि मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "पण सकाळच्या चहाला वहिनींचं बरं पडतं बघा. मऊ असतं, वर फळ असतं, पोटाला आधार होतो."

बाबांनी न शिवलेली विजार परत घेतली आणि बाजाराच्या पलीकडच्या शिंप्याकडे टाकली. त्यानं ती दोन बोटं आखूड केली, तरी बाबा तीच घालून फिरले.

एके आठवड्यात आईचा मापाचा चमचा नाहीसा झाला. सगळीकडे शोधला. शेवटी मला तो चपलांच्या कपाटात बाबांच्या जुन्या बुटात सापडला. मी तो आईला दिला आणि कुठं सापडला ते सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. नुसता धुतला आणि कामाला लागली.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते, तोवर मालकांचा फोन आला. मालक म्हणजे बेकरीचे मालक. "मास्तर, रविवारी घरी येतो. एक महत्त्वाचं बोलायचंय."

बाबांनी तीन दिवस त्या वाक्याचा काथ्याकूट केला. त्यांच्या जागी आलेल्या माणसाचे पाव फसतात, ही बातमी त्यांच्याकडे होतीच. त्यांनी ठरवूनच टाकलं की मालक सल्ल्याला बोलावणार. आत जायचं नाही, पण काउंटरपाशी बसून सांगायला काय हरकत आहे? रविवारी त्यांनी दोनदा दाढी केली. निरोप समारंभाचा राखाडी शर्ट घातला. मला म्हणाले, "मागतील तर लगेच हो म्हणायचं नाही. विचार करून सांगतो म्हणायचं."

मालक आले. चहा झाला, तब्येतीची चौकशी झाली. आणि मग ते खुर्चीतच वळले आणि आईकडे बघून म्हणाले, "वहिनी, माझी नात तुमच्या खालच्या बालवाडीत आहे. घरी आली की हट्ट धरते, आजींचं फळाचं बिस्किट हवं. आमच्याकडे इतकी बिस्किटं, पण पोरगी तोंड लावेल तर शपथ. म्हटलं, बघावं तरी काय आहे. सकाळच्या काउंटरला ठेवायचा विचार आहे. बुधवारी मी दुकानातल्या दोघांना घेऊन येतो, चाळीसेक करून ठेवा. जमलं तर वर पाटी लावू. 'वहिनींची फळ-बिस्किटं'."

बाबांनी नऊ वर्षं त्याच मालकांना विनवलं होतं की घडीच्या बिस्किटावर 'मास्तरांचं बिस्किट' अशी पाटी लावा. नऊ वर्षं "नंतर बघू" हेच उत्तर मिळालं होतं.

"अभिनंदन," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज असा आला की मी पाणी आणायला उठले.

बुधवारी सकाळी काय झालं ते मला बाबांनी स्वतः सांगितलं, तेही दोन वर्षांनी. तोवर मला त्यातलं अर्धंच माहीत होतं.

बाजारात त्या आठवड्यात पीच नव्हती, सफरचंदं पिठूळ होती. प्लम मात्र सुरेख आले होते, काळपट लाल, हातात धरले तरी रस सुटेल असे. आईनं प्लम कधी वापरले नव्हते. तिनं मधलं दार उघडलं आणि बाल्कनीत आली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण भाजण्यातलं काही तिनं त्यांना पहिल्यांदाच विचारलं.

"अहो, प्लम फार रसाळ आहेत. साखर आधी चोळून ठेवू, की आयत्या वेळी वरून घालू?"

बाबांना उत्तर माहीत होतं. बेकरीतल्या नवख्या माणसालाही ते पहिल्या आठवड्यात कळतं. साखर फळातलं पाणी ओढून काढते. रसाळ फळ असेल तर आधी कोरडं पुसायचं आणि साखर ट्रे आत सारतानाच घालायची.

"आधी चोळून ठेव," ते म्हणाले. "दोन तास. मुरलं की छान लागतं."

"पाणी नाही ना सुटायचं?"

"एकतीस वर्षं मी काय भट्टीत गवत भाजत होतो?"

आई ओशाळून हसली. "तसं नाही हो. विचारलं आपलं." आणि ती आत गेली.

बाबा म्हणाले, "त्या दोन तासांत मी बावीस वेळा उठलो. दारापर्यंत जायचो, काचेतून बघायचो. ती भांड्यात साखर चोळत होती, मग झाकण ठेवून भांडी घासायला लागली. मला वाटायचं, आत्ता सांगावं. मग ती पाटी डोळ्यासमोर यायची आणि मी परत बसायचो."

मी पोचले तेव्हा पहिला ट्रे बाहेर आला होता. खळगे रसानं तुडुंब भरून उतू गेले होते, बिस्किटं पसरून एकमेकांना चिकटली होती, सांडलेली साखर ट्रेवर करपून काळी झाली होती. वरून लगदा, फळाखाली कच्चं, बुडाला कोळसा. उरलेला मैदाही भिजवून झाला होता, फळंही त्याच पाण्यात पडली होती. दुसरा ट्रे पहिल्याचाच जुळा भाऊ निघाला. आईच्या कपाळावर घाम होता. "असं कसं झालं गं?" ती मला सारखं विचारत होती. "असं कसं झालं?"

मालक बरोबर वेळेवर आले. दुकानातले दोघे आले. आईनं त्यातल्या त्यात बऱ्या दहा-बारा बिस्किटांची बुडं खरवडून बशीत ठेवली होती. मालकांनी एक उचललं, रस मनगटावर ओघळला. "चव बरी आहे," ते म्हणाले. दुकानातल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि चहाचे कप उचलले.

आई उभीच होती. म्हणाली, "माफ करा. आज बिघडलं. ह्यांनी सगळं नीट सांगितलं होतं, माझ्याच हातून काहीतरी चुकलं. मास्तरांना बोल लावू नका हं."

बाबा खाली बघत होते. मग ते म्हणाले, "तिचं चुकलं नाही. साखर आधी चोळ असं मी सांगितलं."

मालकांनी कप खाली ठेवला. "रसाळ फळाला? मास्तर, तुम्ही?"

"मुद्दाम सांगितलं."

"मुद्दाम? का पण?"

"मला बघवत नव्हतं," बाबा म्हणाले.

आईनं बशी उचलली, स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. आदळलं नाही. हलकेच लावलं. मालक दोन मिनिटं बसले, मग तेही उठले.

आई रडेल, भांडेल, असं मला वाटलं होतं. तिनं यातलं काही केलं नाही. वेळेवर जेवण वाढलं, वेळेवर चहा दिला, पण दोन दिवस ती बाबांशी एक शब्द बोलली नाही. मला फोन करून सांगायची, "वडिलांना म्हणावं, दुपारची गोळी राहिलीये," आणि मी बाबांना फोन करून सांगायची. ते दोघं एकाच खोलीत बसलेले असायचे.

तिसऱ्या दिवशी तिनं ओला कपडा घेऊन तो करपलेला ट्रे घासायला काढला. बाबा बाल्कनीतल्या खुर्चीत होते, दार उघडंच होतं. घासता घासता ती बोलायला लागली.

"तुम्ही पहाटे निघायचात ना, तेव्हा मी जागी असायची. जिन्यातून उतरताना तुम्ही शीळ घालायचात. रोज. घरी येताना कधी ऐकली नाही मी शीळ. आलात की जेवायचात आणि झोपायचात. जे काही बोलायचात ते त्या भट्टीचं. भट्टी आज अशी तापली, भट्टी आज तशी तापली. एखादी बाई असती तर भांडले असते. भट्टीशी काय भांडणार? एकतीस वर्षं मीही जळत होते. पण मी कधी तुमच्या भट्टीत पाणी ओतलं नाही."

बाबा मला म्हणाले, "तिचा शब्द न् शब्द मला पाठ आहे."

त्याच दुपारी आईनं मालकांना फोन केला. "पुन्हा करते. या वेळी कुणाला विचारणार नाही." मालक आले, खाल्लं, आणखी दोन मागून घेतली. पण घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी बारा बिस्किटं मावतात, दुकानाला दीडशे लागतात. तेव्हा ठरलं की आठवड्यातून तीन सकाळी आईनं बेकरीत येऊन करायची.

म्हणजे आता आई बाबांच्या भट्टीवर जाणार होती. आणि बाबांना त्या दारातून आत पाऊल टाकायची मनाई.

पहिल्या दिवशी ते तिला सोडायला गेले. काउंटरपर्यंत गेले, तिथून पुढे पिठाची धूळ. आईला पांढरा एप्रन मिळाला, तिनं केसांना रुमाल बांधला आणि ती आत गेली. बाबा समोरच्या फुटपाथवर उभे राहिले. आतलं दार उघडं राहिलं की ट्रे सरकताना दिसायचे. "वाटलं, छाती फुटेल," ते म्हणाले. "दम्यानं नाही गं. आयुष्यभर जिथं मी उभा राहिलो तिथं ती उभी होती, आणि तिला तिथं काही अडत नव्हतं." तासभर तसेच उभे राहून ते घरी आले.

दुसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी आईनं त्यांच्यासमोर पेअरची टोपली ठेवली. वर सुरी आणि पाट. "एवढी चिरून ठेवाल? फळाला तर डॉक्टरांची ना नाही." आणि जाता जाता म्हणाली, "साखर मात्र लावू नका."

मी हसले. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी सुरी उचलली. फोडी अशा एकसारख्या चिरल्या की बेकरीतले लोक विचारायला लागले, हे काय मशीननं केलंय का? कुठलं फळ किती जाड चिरायचं, कुठलं पुसून घ्यायचं, हे ते आईला खरंखरं सांगायला लागले. सुरुवातीला आई ऐकायची आणि मग एका फोडीवर स्वतः करून बघायची. विश्वास बसायला तिला बरेच महिने लागले, आणि ते बाबांनी निमूट सोसलं.

पाटी लागली, 'वहिनींची फळ-बिस्किटं' हीच. बदलून घ्या असं आई म्हणाली नाही, बाबांनीही सुचवलं नाही. पाच वर्षं झाली, ती अजून आहे. घडीचं बिस्किट मात्र बेकरीनं बंद केलं. तेवढा धीर आता कुणाला नाही, असं मालक म्हणतात.

मी एकदा बाबांना विचारलं, "आता तरी गेली का जळजळ?"

"नाही," ते म्हणाले. "तिचं कुणी कौतुक केलं की इथं टोचतंच. ते ऐकलेलं पोटात ठेवलं की वाढतं. म्हणून मी ठेवत नाही. लगेच घरी येऊन तिला सांगून टाकतो."

मागच्या आठवड्यात मी तिथंच होते. आई बेकरीतून येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. बाबा गोळ्या घेऊन आले, चपला काढल्या आणि पिशवी हातात तशीच धरून म्हणाले, "औषधवाला म्हणत होता, कालची बिस्किटं फार छान होती."

"हो का? आणखी काय म्हणाला?"

"एवढंच."

ते आत गेले, पाणी प्यायले, परत दारात आले.

"दोनदा म्हणाला," ते म्हणाले.